जैसे थे करार आणि बार्शीची वाट



सोलापूर शहर सोडून बार्शीच्या सडकेला लागलें म्हणजे बारा-तेरा मैलांवर नान्नज नांवाचें एक गांव लागतें. आज पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांना हें गांव ठाऊक आहे तें तेथल्या माळढोकाच्या अभयारण्यामुळें. परंतु १९४८ च्या उन्हाळ्यांत या गांवाचें महत्त्व निराळ्याच कारणासाठीं होतें. सोलापूर मुंबई प्रांतांत, बार्शीहि मुंबई प्रांतांत. आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या वाटेवरचें नान्नज मात्र निजामाच्या राज्यांत. सोलापूरचा मनुष्य आपल्याच जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं जावयास निघाला, तर मध्येंच कांहीं काळ तो परमुलखांत असे. एका बाजूला नुकतें स्वतंत्र झालेलें, निवडून आलेल्या मंत्र्यांनीं चालविलेलें संघराज्य आणि दुसऱ्या बाजूला एका राजाच्या फर्मानावर चालणारें संस्थान, अशी ही सीमा होती; आणि ती कोठल्याहि डोंगरानें किंवा मोठ्या नदीनें आखलेली नव्हती. ती शेतांच्या बांधांवरून, गाडीवाटांवरून आणि पुष्कळदां एकाच घराच्या सोयरिकींमधून गेलेली होती.

लोकसत्ताक राष्ट्रानें आपल्या हुकूमशाही शेजाऱ्याशीं कसें वागावें, हा प्रश्न जगांत आज पुन्हां पुन्हां विचारला जातो. त्याचीं उत्तरें देतांना विद्वान लोक युरोपाकडे बोट दाखवितात. आपणांस इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. ज्याला आतां आपण धाराशिव म्हणतों, त्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या पश्चिम कडेवर हा प्रश्न नोव्हेंबर १९४७ पासून सप्टेंबर १९४८ पर्यंत रोज उभा होता. त्याचीच हकीगत आज सांगावयाची आहे.

प्रथम हा शेजारी कसा होता तें पाहूं. हैदराबाद संस्थानाचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस मैल आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या एक कोटि त्रेसष्ट लाखांच्या घरांत. प्रजेपैकीं शेंकडा सुमारें पंच्याऐंशी लोक हिंदु. राजा, वरिष्ठ अधिकारी व फौज यांत मुसलमानांचा भरणा. राज्याचें नाणें स्वतंत्र, टपाल स्वतंत्र, जकातखातेंहि स्वतंत्र. सहा कलदार रुपये मोजावे तेव्हां सात हाली रुपये यावयाचे, हें गणित सरहद्दीवरच्या वाण्याला तोंडपाठ असे. सोलापूरहून आईच्या दर्शनाला तुळजापूरच्या वाटेनें निघालेला भक्त निजामी हद्दींत शिरला म्हणजे करोडगिरीच्या नाक्याशीं त्याची गांठ पडे. बार्शी लाईट रेल्वेची चिमुकली गाडी, जी कुर्डुवाडीहून निघून १९११ पासून थेट लातूरपर्यंत धांवूं लागली होती, तीहि बार्शी मागें टाकली म्हणजे येडशी, ढोकी, मुरूड अशीं निजामी स्टेशनें घेत जाई. रूळ एकच, गाडी एकच. परंतु सत्ता मात्र वाटेंत बदले.

खुद्द उस्मानाबादचा इतिहासहि या बाबतींत मोठा मौजेचा आहे. १८५३ सालीं निजामाकडून येणें असलेल्या फौजखर्चापोटीं इंग्रजांनीं वऱ्हाड व रायचूर दुआब यांच्याबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखहि आपल्या ताब्यांत घेतला. त्याचा कारभार ज्या गृहस्थाकडे आला तो मेडोज टेलर, हा इंग्रजी कादंबरीकार म्हणूनहि प्रसिद्ध आहे. सत्तावन्नच्या धामधुमींत निजाम इंग्रजांशीं एकनिष्ठ राहिला. त्याच्या बक्षिसादाखल १८६० सालीं धाराशिव आणि रायचूर त्याला परत मिळाले; वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलें. म्हणजे हा जिल्हा सात वर्षें एका सत्तेकडे, नंतर पुन्हां दुसरीकडे. तेथल्या रयतेस कोणी विचारलें नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

या राज्यांत सभा भरवावयाची तर परवानगी हवी. त्या कुप्रसिद्ध हुकुमाचें नांव, गश्ती निशान त्रेपन्न, मराठवाड्यांतील वृद्धांच्या तोंडून अगदीं अलीकडेपर्यंत ऐकूं येई. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली आणि ती उठण्यास १९४६ चा जुलै उजाडावा लागला. अशा स्थितींत लोकांनीं शाळा काढल्या. याच जिल्ह्यांतील हिप्परगें या आडगांवीं १९२१ मध्यें निघालेल्या राष्ट्रीय शाळेंत व्यंकटेश खेडगीकर नांवाचे एक तरुण शिक्षक आले. पुढें संन्यास घेऊन तेच स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि संस्थानांतील लोकांच्या चळवळीचे नेते ठरले. नेमक्या याच जिल्ह्यांतून तिच्या विरुद्ध पक्षाचाहि नेता निघाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत असलेल्या लातूरला वकिली करणारे कासीम रझवी हे मजलिस-इत्तेहादुल-मुसलमीनचे अध्यक्ष व रझाकारांचे प्रमुख बनले. हिप्परगें व लातूर हीं दोन्हीं गांवें एकाच जिल्ह्याच्या नकाशावर होतीं.

जून १९४७ मध्यें निजाम मीर उस्मान अली खान यांनीं फर्मान काढून, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहूं असें जाहीर केलें. १५ ऑगस्ट उजाडला. सोलापूर-बार्शीस तिरंगी झेंडे लागले, आणि हद्दीपलीकडे झेंडा लावणें हा गुन्हा ठरला. स्वामीजींना त्याच दिवशीं अटक झाली.

दिल्लीपुढें आतां पेंच पडला. हैदराबाद चारी बाजूंनीं हिंदी संघराज्यानें वेढलेलें. त्याला समुद्र नाहीं. गोव्यांतील बंदर आपणांस वापरावयास मिळावें म्हणून निजाम सरकारनें पोर्तुगीजांकडे वाटाघाटी केल्या होत्या, यावरून ही उणीव त्याला किती बोंचत होती तें दिसतें. दिल्लीच्या हातीं सैन्य होतें. परंतु काश्मिरांत लढाई पेटलेली, पंजाबांतून निर्वासितांचे लोंढे येत असलेले, आणि हैदराबादेवर चाल केली तर दक्षिणेंत जातीय वणवा भडकेल अशी भीति. तेव्हां काळ मिळविण्यासाठीं दोन्हीं पक्षांनीं २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं एक वर्षाचा 'जैसे थे' करार केला. इंग्रज सरकार व निजाम यांच्यामध्यें परराष्ट्रव्यवहार, संरक्षण, दळणवळण या बाबतींत जी व्यवस्था होती ती एक वर्ष तशीच चालवावी. सार्वभौमत्वाचा अधिकार संघराज्यानें सांगूं नये. दोघांनीं एकमेकांकडे आपला प्रतिनिधि ठेवावा. वाद पडल्यास तो लवादाकडे न्यावा, असा त्याचा मथितार्थ. संघराज्याच्या वतीनें कन्हय्यालाल मुनशी एजंट-जनरल म्हणून हैदराबादेस गेले. सिकंदराबादेंत असलेलें हिंदी सैन्य हळूहळू काढून घेण्यांत आलें.

कागदावर हा करार बरा होता. मला तो वाचतांना नेहमीं एकच शंका येते, आणि आजच्या भाषणाचा सारा रोख तिच्यावरच आहे. करार करणारे दोन पक्ष कोण? दिल्लीच्या बाजूनें सही करणाऱ्याला मंत्रिमंडळाचा, सभेचा आणि वर्तमानपत्रांचा जाब द्यावा लागे. निजामाला असा जाब विचारणारी संस्था नव्हती. म्हणून त्याचा शब्द अधिक पक्का असेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. प्रत्यक्षांत झालें उलटें. ज्या राजाला प्रजेचा आधार घ्यावयाचा नसतो त्याला दुसरा कोणता तरी आधार शोधावा लागतो, आणि मग तो आधारच राजाला हलवूं लागतो.

याचा पुरावा करारावर सही होण्यापूर्वींच मिळाला होता. ऑक्टोबर १९४७ मध्यें मसुदा ठरला, निजामाच्या कार्यकारी मंडळानें तो बहुमतानें पसंत केला, आणि २७ तारखेच्या पहांटे शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोंच इत्तेहादच्या जमावानें पंतप्रधान छतारीचे नबाब, कायदेपंडित सर वॉल्टर मॉंक्टन व सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. राज्याचा पंतप्रधान स्वतःच्या घराबाहेर पडूं शकला नाहीं, आणि राज्याचे पोलीस पहात राहिले. छतारी गेले, मीर लायक अली पंतप्रधान झाले, नवें शिष्टमंडळ दिल्लीस गेलें आणि महिन्याभरानें जवळजवळ त्याच मसुद्यावर सही झाली. कलमें फारशीं बदललीं नाहींत. परंतु निजामाच्या राज्यांत खरी शक्ति कोणाच्या हातीं आहे, तें त्या पहांटे सर्वांस कळून चुकलें; आणि ज्याच्या हातीं ती होती त्याची करारावर सही नव्हती.

सही झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशीं स्वामी रामानंद तीर्थांची सुटका झाली. २६ जानेवारी १९४८ रोजीं त्यांना पुन्हां पकडलें. दरम्यान हैदराबाद सरकारनें दोन हुकूम काढले: एकानें मौल्यवान धातु बाहेर नेण्यास मनाई केली, दुसऱ्यानें संघराज्याचें चलन संस्थानांत कायदेशीर चलन राहिलें नाहीं असें ठरविलें. दिल्लीहून आक्षेप गेला. मग असें उघड झालें कीं हिंदी सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपानें वीस कोटि रुपये हैदराबादनें पाकिस्तानला उसने दिले आहेत. करारांत 'जैसे थे' म्हटलें होतें. यांत जैसें थें काय राहिलें, असा मुनशींचा सवाल.

चलनाच्या हुकुमाचा परिणाम हैदराबादच्या चारमिनारापाशीं काय झाला असेल तो असो. उस्मानाबादच्या पश्चिमेकडील गांवांत तो लगेच जाणवला असला पाहिजे. या गांवांचा बाजार बार्शी. धान्य, गळिताचें पीक, गुरें, सारें बार्शीच्या पेठेंत जावयाचें आणि तेथून कलदार रुपये यावयाचे. त्याच पैशानें मीठ, कापड, रॉकेल घ्यावयाचें. आतां तोच रुपया घरीं आणला तर तो चालत नाहीं! मुत्सद्दी लोक ज्याला आर्थिक दडपण म्हणतात त्याची सुरवात सीमेवर अशी कनवटीच्या पैशापासून होते.

दडपण दोन्हीं बाजूंनीं होतें हेंहि सांगितलें पाहिजे. संघराज्यानें शस्त्रास्त्रें व लढाईस उपयोगी पडणारा माल हैदराबादेंत जाऊं द्यावयाचा नाहीं असें ठरविलें. याहून अधिक नाकेबंदी आम्हीं केलेली नाहीं, असें दिल्ली नेहमीं म्हणत आली. हैदराबादची तक्रार अशी कीं प्रांतांच्या नाक्यांवर सर्वच माल अडतो. औषधें अडतात, पाणी शुद्ध करण्याचें क्लोरीनसुद्धां अडतें. दिल्लीचा हुकूम काय होता आणि नाक्यावरच्या फौजदारानें तो कसा वाचला, यांत अंतर पडलें असेल असें समजण्यास पुष्कळ जागा आहे. रझाकारांच्या बातम्या रोज ऐकणाऱ्या शिपायानें मिठाची गाडी परत लावली, तर त्याचा हात कोण धरणार? परंतु ती गाडी परत गेल्यानें रझवींच्या ताटांतलें मीठ कमी झालें नाहीं. तें कमी झालें भूम-परंड्याच्या कुणब्याच्या ताटांतलें; आणि त्यालाच सोडविण्यासाठीं म्हणून तर हें सारें चाललें होतें.

इकडे संस्थानाच्या आंत रझाकारांचा जाच वाढत गेला. खेड्यांतून पैसा वसूल करणें, काँग्रेसच्या लोकांचीं घरें जाळणें, प्रतिकार करणारांस ठार मारणें, असे प्रकार १९४८ च्या वसंतापासून नित्याचे झाले. माणसें बायकामुलें घेऊन हद्द ओलांडूं लागलीं. सोलापूर व बार्शी हीं त्यांचीं पहिलीं आश्रयस्थानें. आणि या निर्वासितांच्या मागोमागच सरहद्दीवर आणखी एक गोष्ट उभी राहिली: स्टेट काँग्रेसचीं सशस्त्र केंद्रें. संघराज्याच्या हद्दींत राहावयाचें, रात्रीं पलीकडे जाऊन करोडगिरीचीं नाकीं, पोलीसठाणीं व रझाकारांचे अड्डे यांवर हल्ला करावयाचा, सरकारी दप्तरें जाळावयाचीं आणि उजाडण्यापूर्वीं परत फिरावयाचें, असा त्यांचा क्रम. उस्मानाबाद जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर या कामाचें मुख्य ठाणें बार्शी-सोलापूरचा पट्टा हें होतें, आणि फुलचंद गांधी यांच्यासारखे जिल्ह्यांतले कार्यकर्ते त्यांत पुढें होते.

या तरुणांच्या धैर्याबद्दल दुमत असूं शकत नाहीं. घरदार मागें टाकून, अपुऱ्या बंदुका घेऊन ते लढले. त्यांतले कित्येक परत आले नाहींत. परंतु आपला विषय शेजाऱ्यांमधील व्यवहाराचा आहे, आणि त्या दृष्टीनें पाहतां येथें एक अवघड जागा आहे. हैदराबाद सरकारनें तक्रार केली कीं तुमच्या भूमीवरून आमच्यावर छापे पडतात. दिल्लीचें उत्तर असें कीं तुम्ही रझाकारांना आवरा म्हणजे सरहद्द आपोआप शांत होईल. मुंबई प्रांताच्या अधिकाऱ्यांना हीं केंद्रें ठाऊक नव्हतीं असें म्हणणें म्हणजे त्या अधिकाऱ्यांचा अपमान करणें होय. त्यांनीं डोळेझांक केली, आणि लोकमताचें पाठबळ पाहतां दुसरें काय केलें असतें हें सांगणें कठीण आहे. निवडून आलेलें सरकार सोलापूरच्या धर्मशाळांतून निर्वासित पडलेले असतांना त्यांच्या मुलांच्या हातांतल्या बंदुका काढून घेऊं शकत नाहीं. म्हणजे एका बाजूस राजाच्या सहीबाहेरचे रझाकार, दुसऱ्या बाजूस संघराज्याच्या सहीबाहेरचीं केंद्रें. करारनामा शाबूत होता, लवादाचें कलमहि शाबूत होतें, आणि सीमेवरचा सारा कारभार सही न केलेल्या लोकांच्या हातीं गेला होता.

दोघांत फरक नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. फरक होता, आणि तो मोठा होता. केंद्रांतल्या तरुणांवर टीका करावयाची तर मुंबईच्या वर्तमानपत्रांत करतां येई. दिल्लीच्या सभागृहांत सरकारला या प्रश्नावर पुन्हां पुन्हां उत्तरें द्यावीं लागत. हैदराबादेंत असें बोलण्याची किंमत काय, तें 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनीं दाखविलें. जातीनें मुसलमान असलेल्या या तरुण संपादकानें रझाकारांचा निषेध केला व संघराज्यांत सामील व्हावें असें लिहिलें. ऑगस्ट १९४८ मध्यें रात्रीं कचेरींतून घरीं जातांना त्यांचा खून झाला.

मे महिन्याच्या २२ तारखेस गाणगापूर स्टेशनावर मुंबई-मद्रास लोहमार्गावरील गाडीवर रझाकारांनीं हल्ला केला. गाडींतले उतारू संघराज्याचे होते. आतां हा प्रश्न संस्थानाच्या आंतला राहिला नाहीं. जूनमध्यें लॉर्ड माउंटबॅटन यांनीं जातां जातां तडजोडीचा अखेरचा प्रयत्न केला. त्या मसुद्यांत हैदराबादला इतक्या सवलती दिलेल्या होत्या कीं वल्लभभाईंनीं त्यास संमति कशी दिली याचें आश्चर्य वाटावें; आणि तरीहि निजामानें तो नाकारला. माउंटबॅटन २१ जून रोजीं विलायतेस निघून गेले. पुष्कळांचें मत असें कीं निजामाचा स्वतःचा विचार सही करण्याकडे झुकत होता. तें खरें असेल तर ऑक्टोबरच्या त्या पहांटेची आठवण त्याच्या मनांतून गेली नसावी.

आणि आतां पुन्हां नान्नज. बार्शीकडे जाणाऱ्या हिंदी सैन्याच्या तुकडीला याच वाटेनें जावें लागे. २४ जुलै १९४८ रोजीं नान्नजजवळ तिच्यावर दबा धरून गोळीबार झाला. जवान मेले व जखमी झाले. त्यानंतर हिंदी सैन्यानें गांव ताब्यांत घेतलें, आणि या वेळीं तें सोडलें नाहीं. संस्थानी हद्दींतलें एक गांव संघराज्याच्या सैन्याच्या हातांत, आणि तरी दोन्हीं राज्यांत युद्ध नाहीं, करारहि रद्द नाहीं! मुत्सद्देगिरीच्या पुस्तकांत या स्थितीला काय नांव आहे कोण जाणे. सोलापूर-बार्शी वाट मात्र त्यामुळें खुली झाली.

ऑगस्टच्या २१ तारखेस हैदराबादनें आपलें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाडलें. समितीच्या बैठका तेव्हां पॅरिसला भरणार होत्या. ७ सप्टेंबरला पंडित नेहरूंनीं सभागृहांत सांगितलें कीं सिकंदराबादेंत हिंदी सैन्य पुन्हां ठेवूं द्यावें, अशी अखेरची मागणी निजामाकडे केलेली आहे. निजामानें ती मानली नाहीं. १३ सप्टेंबरच्या पहांटे मेजर-जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हुकमतीखालीं मुख्य फौज सोलापूरहून निघाली. या मोहिमेस 'पोलीस कारवाई' असें नांव देण्यांत आलें. शेजारी स्वतंत्र राष्ट्र नव्हेच, हा आमच्या घरांतला बंदोबस्त आहे, असें त्या नांवांतूनच जगाला सांगावयाचें होतें.

पहिला घाव उस्मानाबाद जिल्ह्यानेंच सोसला. सोलापूर-हैदराबाद सडकेवर नळदुर्गजवळ बोरी नदीचा पूल आहे. तो उडविला गेला असता तर भर पावसाळ्यांत रणगाड्यांची सारी रांग अडली असती. त्यांत सुरुंग पेरून ठेवलेलेहि होते. दुसऱ्या शीख पलटणीनें तो पूल उडविला जाण्यापूर्वींच हस्तगत केला. त्याच दिवशीं नळदुर्गच्या परिसरांत लढतां लढतां पडलेले या पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांना पुढें मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. हा तोच नळदुर्ग, जेथें शतकापूर्वीं मेडोज टेलर कारभार पहात असे. पॅरिसमध्यें सुरक्षा समितीपुढें हैदराबादचा अर्ज १६ सप्टेंबरला सुनावणीस आला, आणि १७ तारखेला लढाई संपली. १८ रोजीं संस्थानचे सेनापति अल इद्रूस यांनीं चौधरींपुढें रीतसर शरणागति पत्करली. २२ तारखेस निजामानें अर्ज मागें घेतला. स्वामी रामानंद तीर्थहि सुटले.

शाळेच्या पुस्तकांत ही हकीगत येथें संपते. ती येथें संपवितां येत नाहीं, निदान धाराशिवबद्दल बोलणारास तरी.

पांच दिवसांच्या लढाईनंतर जे आठवडे आले त्यांत खेड्याखेड्यांतून सूड उगविला गेला. रझाकार कोण होता आणि कोण नव्हता, हें पाहण्याची तसदी पुष्कळ ठिकाणीं कोणी घेतली नाहीं. मुसलमान असणें पुरें झालें. या वार्ता दिल्लीस पोंचल्या तेव्हां पंडित नेहरूंनीं चौकशीसाठीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्यासह एक मंडळ धाडलें. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तें संस्थानांत हिंडलें. त्याच्या अहवालांत अत्यंत सावध अंदाज म्हणून मृतांचा आंकडा २७ ते ४० हजार दिला आहे, आणि सर्वांत अधिक हानि झालेले जिल्हे म्हणून चार नांवें दिलीं आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. लातुरांत कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली, असेंहि त्यांत आहे. कांहीं ठिकाणीं सैन्य व पोलीस यांच्या लोकांनीं लुटीस उत्तेजन दिलें, असा ठपकाहि त्यांत आहे; तसेंच इतर कित्येक ठिकाणीं सैन्यानें चोख वर्तन ठेवल्याची ग्वाहीहि आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाहीं. अधिकृतपणें तो प्रसिद्ध न होतां कित्येक दशकें दप्तरांत पडून राहिला. आंकड्यांविषयीं अभ्यासकांत आजहि वाद आहे. परंतु मृतांची मोजदाद एक वेळ बाजूस ठेवली तरी, ज्या अवधींत हें घडलें त्या अवधींत उस्मानाबाद हा परमुलूख राहिलेला नव्हता. तेथें संघराज्याचा लष्करी अंमल होता. आणि म्हणून त्याचा जाब ज्याला विचारावयाचा तें दार हैदराबादेंत नव्हतें, दिल्लींत होतें.

रझाकारांनीं मारलेल्या माणसांच्या नांवांचे स्तंभ जिल्ह्यांतून उभे आहेत, आणि ते असावेतच. त्यानंतरच्या आठवड्यांत मेलेल्यांची आठवण बहुधा त्यांच्या घरांतच राहिली. ज्या लोकांनीं आधीं रझाकारांचा मार खाल्ला त्यांच्यापैकींच कांहींनीं नंतर हात उगारला, ही गोष्ट बोलावयास कोणालाच सोपी नाहीं, मलाहि नाहीं.

पुढील घटना थोडक्यांत सांगतों. १९४९ च्या अखेरपर्यंत चौधरी लष्करी गव्हर्नर होते. १९५० पासून वेल्लोडी यांचें मंत्रिमंडळ आलें, १९५२ मध्यें प्रौढ मतदानानें पहिली निवडणूक झाली आणि बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. १९५६ सालीं संस्थानाचे भाग पडून मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. १९८२ सालीं लातूर वेगळा जिल्हा झाला, आणि २०२३ मध्यें उस्मानाबाद हें नांव जाऊन धाराशिव हें जुनें नांव सरकारी कागदांवर परत आलें.

सुंदरलाल मंडळाच्या त्या अहवालांत एक लहानशी नोंद आहे. हिंदु शेजाऱ्यांनीं प्राण धोक्यांत घालून मुसलमानांना वांचविल्याचीं उदाहरणें त्या मंडळाला जागोजाग आढळलीं, आणि त्यांतहि एकच धंदा करणाऱ्या लोकांत तीं अधिक होतीं. हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांचा बचाव केला आणि तो करतांना स्वतः झीज सोसली, असें तीं मंडळी लिहून गेलीं.